जॉर्ज बूल

जॉर्ज बूल (२ नोव्हेंबर, इ.स. १८१५ : लिंकन, इंग्लंड – ८ डिसेंबर, इ.स. १८६४ : कॉर्क, आयर्लंड) हे इंग्लिश गणितज्ञ व तर्कशास्त्रज्ञ होते. तर्काची मांडणी बीजगणिताच्या चिन्हांत करण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे बूलीय बीजगणित हे अंकीय संगणकातील विद्युत मंडलांचा आणि प्रोग्रॅमिंग भाषांमधील अटींचा पाया मानले जाते. बूल यांचे शिक्षण कोणत्याही विद्यापीठात झाले नव्हते. त्यांच्या तर्कविषयक कार्याला यंत्रनिर्मितीत स्थान मिळाले ते त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे सत्तर वर्षांनी.

बालपण आणि स्वयंशिक्षण

जॉर्ज हे जॉन बूल व मेरी ॲन यांचे ज्येष्ठ अपत्य होते. जॉन यांचा व्यवसाय चपला-बूट बनवण्याचा होता. परंतु त्यांचे लक्ष दुकानापेक्षा गणित, खगोलशास्त्र आणि दुर्बिणी बनवण्याकडे अधिक असे. गणिताचे पहिले धडे जॉर्ज यांना वडिलांकडूनच मिळाले. गावातील एका पुस्तकविक्रेत्याने त्यांना लॅटिनची ओळख करून दिली. पुढे ग्रीक, फ्रेंच व जर्मन या भाषा ते स्वतःच शिकले. चौदाव्या वर्षी त्यांनी एका ग्रीक कवितेचा केलेला अनुवाद स्थानिक वृत्तपत्रात प्रसिद्ध झाला, तेव्हा एवढ्या लहान मुलाचे हे काम असणे शक्य नाही, अशी शंका एका शिक्षकाने जाहीरपणे घेतली होती.

इ.स. १८३१ मध्ये वडिलांचा व्यवसाय बुडाला आणि आईवडील व तीन धाकट्या भावंडांचा भार सोळा वर्षांच्या जॉर्ज यांच्यावर आला. डॉन्कास्टर येथे त्यांनी साहाय्यक शिक्षकाची नोकरी धरली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. दिवसा अध्यापन आणि उरलेल्या वेळात लाग्रांज, लाप्लास यांच्या फ्रेंच ग्रंथांचे वाचन असा त्यांचा क्रम होता. लिंकनमध्ये कारागिरांसाठी स्थापन झालेल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाचा त्यांना मोठा उपयोग झाला.

आरंभीचे संशोधन

इ.स. १८४० च्या सुमारास केंब्रिज मॅथेमॅटिकल जर्नल या नियतकालिकात बूल यांचे शोधनिबंध येऊ लागले. त्याचे संपादक डंकन ग्रेगरी यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. केंब्रिजला जाऊन पदवी घेण्याचा विचार बूल यांनी केला होता. मात्र शाळा बंद केल्यास कुटुंबाचा चरितार्थ चालणे कठीण होते, त्यामुळे तो विचार मागे पडला. इ.स. १८४४ मध्ये गणितीय विश्लेषणावरील निबंधासाठी रॉयल सोसायटीने त्यांना रॉयल पदक दिले. हा सन्मान मिळाला त्या वेळी ते एका लहान शहरातील शाळेचे चालक होते.

तर्काचे बीजगणित

इ.स. १८४७ मध्ये बूल यांनी तर्काच्या गणितीय विश्लेषणावर एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिला निमित्त झाले ते ऑगस्टस डी मॉर्गन आणि एडिंबराचे तत्त्वज्ञ सर विल्यम हॅमिल्टन यांच्यातील वादाचे. डी मॉर्गन यांचा जन्म भारतात, मदुराई येथे झाला होता. त्यांचा तर्कशास्त्रावरील ग्रंथही याच वर्षी प्रकाशित झाला. पुस्तिकेतील विचारांचा विस्तार बूल यांनी इ.स. १८५४ मधील विचारांच्या नियमांवरील आपल्या प्रमुख ग्रंथात केला.

या पद्धतीत अक्षरे संख्यांऐवजी वस्तूंचे समूह दर्शवतात. 'क' म्हणजे काळ्या वस्तू आणि 'ग' म्हणजे गायी असे मानल्यास 'कग' हा गुणाकार काळ्या गायींचा समूह दर्शवतो. काळ्या वस्तूंमधून पुन्हा काळ्या वस्तूच निवडल्यास समूह बदलत नाही. म्हणून 'क गुणिले क' बरोबर 'क' होते. नेहमीच्या अंकगणितात हा नियम ० आणि १ या दोनच संख्या पाळतात. बूल यांनी १ हा अंक विचाराधीन असलेल्या सर्व वस्तूंसाठी आणि ० हा अंक रिकाम्या समूहासाठी योजला. मग '१ वजा क' म्हणजे काळ्या नसलेल्या सर्व वस्तू. वरील समीकरणावरूनच 'क' आणि '१ वजा क' यांचा गुणाकार ० येतो. एकच वस्तू एकाच वेळी काळी असणे व काळी नसणे अशक्य आहे, हा ॲरिस्टॉटलपासून चालत आलेला नियम अशा रीतीने एका साध्या समीकरणातून निघाला.

आज शिकवले जाणारे बूलीय बीजगणित बूल यांच्या मूळ मांडणीहून काहीसे वेगळे आहे. परस्परांत न मिसळणाऱ्या समूहांचीच बेरीज बूल ग्राह्य धरत. ही अट विल्यम जेव्हन्स यांनी काढून टाकली. पुढे चार्ल्स पर्स, अर्न्स्ट श्रोडर आदींनी या बीजगणिताला आजचे रूप दिले.

कॉर्कमधील कारकीर्द

आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ सुरू असतानाच्या काळात, इ.स. १८४९ मध्ये, कॉर्क येथे क्वीन्स कॉलेज सुरू झाले. पदवी नसतानाही बूल यांची तेथे गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. अखेरपर्यंत ते याच पदावर होते. भैदिक समीकरणे (१८५९) व सांत फरकांचे कलन (१८६०) यांवरील त्यांची पाठ्यपुस्तके दीर्घकाळ वापरात राहिली. इ.स. १८५७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

कुटुंब

इ.स. १८५५ मध्ये बूल यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झाला. भारताचे महासर्वेक्षक राहिलेले आणि ज्यांचे नाव पुढे जगातील सर्वोच्च शिखराला देण्यात आले, ते जॉर्ज एव्हरेस्ट हे मेरी यांचे काका. मेरी यांनी गणिताच्या अध्यापनावर लेखन केले. इ.स. १९०१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांना उद्देशून लिहिलेल्या पत्ररूपी लेखात त्यांनी, एव्हरेस्ट यांच्यामार्फत आलेल्या भारतीय विचारांचा प्रभाव बॅबेज, डी मॉर्गन व बूल यांच्यावर पडला, असे प्रतिपादन केले. हे मत मुख्यतः मेरी यांच्याच कथनावर आधारलेले आहे.

या दांपत्याला पाच मुली झाल्या. त्यांपैकी ॲलिशिया यांनी चतुर्मितीय भूमितीत संशोधन केले, लूसी या रसायनशास्त्रज्ञ झाल्या, तर एथेल लिलियन व्हॉयनिच या 'द गॅडफ्लाय' या कादंबरीमुळे प्रसिद्धीस आल्या.

मृत्यू

इ.स. १८६४ च्या नोव्हेंबर महिन्यात बूल घरापासून सुमारे तीन मैल मुसळधार पावसात चालत महाविद्यालयात गेले आणि त्यांनी ओल्या कपड्यांतच व्याख्यान दिले. त्यानंतर त्यांना फुप्फुसांचा विकार जडला. आजाराचे कारण तेच त्याचे औषध, या समजुतीने मेरी यांनी त्यांना ओल्या चादरींत ठेवल्याची कथा प्रचलित आहे. ८ डिसेंबर रोजी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. सर्वांत धाकटी मुलगी तेव्हा काही महिन्यांचीच होती. पुढे मेरी यांनी लंडनमधील मुलींच्या एका महाविद्यालयात ग्रंथपालाची नोकरी केली.

संगणकशास्त्रातील स्थान

बूल यांनी संगणक बनवला नाही, आणि त्यांचा उद्देशही तो नव्हता; मानवी मन कोणत्या नियमांनी विचार करते, हे शोधणे हा त्यांचा हेतू होता. यंत्राशी या बीजगणिताचा पहिला संबंध जेव्हन्स यांच्यामुळे आला. त्यांनी इ.स. १८७० मध्ये तर्काची उत्तरे काढणारे, पियानोसारख्या पट्ट्यांचे यंत्र रॉयल सोसायटीपुढे सादर केले. तरीही पुढील अनेक वर्षे हा विषय तर्कशास्त्रज्ञ व तत्त्वज्ञ यांच्यापुरताच मर्यादित राहिला.

क्लॉड शॅनन यांनी मिशिगन विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या वर्गात बूल यांच्या पद्धतीचा परिचय करून घेतला होता. इ.स. १९३७ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी, रिले व स्विच यांची मंडले या बीजगणिताने मांडता येतात, हे दाखवले. एकसर जोडणीत दोन्ही स्विच चालू असतील तरच विद्युतप्रवाह वाहतो. हे 'आणि' झाले. समांतर जोडणीत एक जरी चालू असला तरी प्रवाह वाहतो; हे 'किंवा' झाले. त्यामुळे, तोवर बरेचसे अनुभवाच्या आधारे जुळवली जाणारी गुंतागुंतीची मंडले समीकरणे सोपी करून कमी भागांत बनवणे शक्य झाले. त्याच सुमारास जपान व सोव्हिएत संघातील संशोधकही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षापर्यंत पोहोचले होते. रिलेची जागा पुढे निर्वात नलिकांनी व ट्रान्झिस्टरने घेतली, पण मांडणीचे नियम तेच राहिले.

स्मृती

अनेक प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये खरे किंवा खोटे अशी दोनच मूल्ये घेणाऱ्या विदाप्रकाराला 'बूलियन' म्हणतात. चंद्रावरील एका विवराला बूल यांचे नाव देण्यात आले आहे. कॉर्क येथील ते महाविद्यालय आज युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्क म्हणून ओळखले जाते आणि त्याच्या ग्रंथालयालाही बूल यांचे नाव आहे.