कर्मवीर भाऊराव पाटील : मूठभर धान्यावर उभी राहिलेली शाळा



शाळेचं छप्पर गळायला लागलं की व्यवस्थापन समितीची बैठक बसते. तिथे एक प्रश्न हमखास येतो, पैसे कुणी द्यायचे? कुणी म्हणतं ही सरकारची जबाबदारी, कुणी म्हणतं लोकवर्गणी काढू, तर कुणी म्हणतं आमचं मूल पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत जाणार, आम्ही कशाला द्यायचे? मागच्या बैठकीत हे सगळं ऐकून घरी आले आणि मला कर्मवीर अण्णांची आठवण झाली. आपण त्यांची जयंती साजरी करतो, भाषणंही बसवतो. पण पैशाच्या या प्रश्नाला त्यांनी कसं तोंड दिलं, ते आज पाहूया.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज गावी एका जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला गेले. तिथल्या जैन वसतिगृहात राहत असताना त्यांनी अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला हजेरी लावली. परत आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना वसतिगृह सोडावं लागलं. छत्रपती शाहू महाराजांच्या आणि सत्यशोधक विचारांचा ठसा त्यांच्यावर याच काळात उमटला.

परीक्षेत त्यांना फार यश मिळालं नाही. पुढे साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकायला गावोगाव हिंडले. त्या फिरतीत त्यांनी खेडी जवळून पाहिली. शेतकऱ्याचं पोर हुशार असूनही शाळेत का जात नाही, हे त्यांना तिथे कळलं. जवळ शाळा नव्हती आणि शहरात राहायला, जेवायला पैसे नव्हते.

म्हणून त्यांनी आधी मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय करायचं ठरवलं. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. 1924 मध्ये संस्थेचं काम साताऱ्याला आलं. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एकाच पंगतीत जेवत. गावातल्या अनेकांना हे पटत नव्हतं. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिलं गेलं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. एवढ्या मुलांना रोज खायला कुठून आणायचं? इथे पहिलं नाव घ्यायला हवं ते लक्ष्मीबाईंचं. अण्णांच्या या पत्नीने एकेक करून अंगावरचे दागिने दिले. एकदा अण्णा बाहेरगावी होते आणि कोठीत धान्य संपलं होतं. तेव्हा मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी मंगळसूत्रही दिलं. 1930 मध्ये त्या गेल्या, त्यांना संस्थेचा वटवृक्ष झालेला पाहता आला नाही.

दुसरा आधार होता मुष्टिफंडाचा. घरातल्या बाईने रोज स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते वसतिगृहासाठी द्यायचं. ज्याच्याकडे रोख पैसे नाहीत, त्यालाही देता येईल असा हा मार्ग. त्यामुळे झालं काय, की शाळा दात्याची न राहता गावाची झाली. तिसरा आधार म्हणजे मुलांचे स्वतःचे हात. शेतात आणि बांधकामावर राबून ती शिकली, म्हणजेच आपली 'कमवा आणि शिका' योजना. 1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. नाव बदलण्याच्या अटीवर मोठी देणगी देऊ करणाऱ्याला अण्णांनी साफ नकार दिला, असं सांगतात.

खरी कसोटी लागली ती 1948 मध्ये. संस्था सरकारविरोधी राजकारण करते, असा समज होऊन मुंबई सरकारने अनुदान थांबवलं. अण्णा झुकले नाहीत, ते थेट लोकांकडे गेले आणि लोकांनी जमेल ते दिलं. मात्र त्यांनी सरकारचा हक्काचा पैसा सोडूनही दिला नाही. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झालं.

मला वाटतं, आपल्या बैठकीतल्या वादाचं उत्तर इथे आहे. लोकवर्गणी निघाली म्हणून सरकार मोकळं होत नाही आणि सरकारची जबाबदारी आहे म्हणून गावही मोकळं होत नाही. अण्णांनी दोन्ही दारं ठोठावली. आणि मागण्याआधी त्यांच्या घरातलं सोनं गेलेलं होतं, म्हणून लोकांनी विश्वासाने दिलं. बैठकीत आपण हिशोब उघडपणे मांडतो का, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारते.

1959 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांचं निधन झालं. अनवाणी हिंडणाऱ्या या माणसाच्या संस्थेत आजही लाखो मुलं शिकत आहेत.

पुढच्या पालक सभेत वर्गणीचा विषय काढण्याआधी ही गोष्ट जरूर सांगा. वर्गात सांगताना लक्ष्मीबाईंना मात्र विसरू नका.