हुकूम शंकराचा, कष्ट अहिल्यादेवींचे

जामखेड तालुक्यातलं चौंडी हे अहिल्यादेवींचं माहेर. 31 मे 1725 ला माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. दरवर्षी जयंतीला चौंडीत मोठी गर्दी होते. त्यांनी बांधलेली मंदिरं, घाट, बारवा यांबद्दल सगळीकडे बोललं जातं. पण आयुष्य उलटंपालटं झालं तेव्हा ही बाई कशाच्या जोरावर उभी राहिली, हेही समजून घेण्यासारखं आहे.

1733 च्या सुमारास, आठेक वर्षांच्या असताना, त्या मल्हारराव होळकरांची सून झाल्या. गाव सुटलं, थेट माळवा गाठला. सासऱ्यांनी सुनेला हिशेब, कारभार शिकवला. पुढे तर तोफा-दारूगोळ्याची कामंही तिच्यावर सोपवली.

1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. अहिल्यादेवी तेव्हा तिशीच्या आतल्या. त्या सती जायला निघाल्या, तर म्हाताऱ्या मल्हाररावांनी त्यांना अडवलं. त्यांनी सासऱ्यांचं ऐकलं आणि माघारी फिरल्या. त्या काळात विधवेनं जगायचं ठरवणं सोपं नव्हतं.

1766 मध्ये मल्हारराव गेले. वर्षभरातच, 1767 मध्ये, एकुलता एक मुलगा मालेरावही गेला. घरात कर्ता पुरुष उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत यांनी एखादं पोर दत्तक घ्या, असा आग्रह धरला. म्हणजे गादीवर पोर आणि कारभार दिवाणाच्या हातात. त्यांच्या सांगण्यावरून राघोबादादा पेशवे फौज घेऊन उज्जैनजवळ क्षिप्रेपर्यंत आले.

इथं कुणीही घाबरलं असतं. अहिल्यादेवी शंकराच्या भक्त, रोजची पूजा कधी चुकली नाही. पण देव बघून घेईल म्हणून त्या देवघरात बसून राहिल्या नाहीत. शिंदे, गायकवाड, भोसले यांना पत्रं गेली, फौज तयार ठेवली. बाईशी लढून जिंकलात तर नाव नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, अशा अर्थाचा निरोप त्यांनी राघोबांना धाडल्याचं सांगतात. पुण्याहून माधवराव पेशव्यांनीही त्यांचीच बाजू घेतली. राघोबा न लढता माघारी गेले.

पुढं फौजेची जबाबदारी त्यांनी तुकोजी होळकरांकडे दिली आणि स्वतः नर्मदाकाठी महेश्वरला राहून कारभार पाहिला. राज्य शंकराचं, आपण फक्त सांभाळणारे, ही त्यांची भावना. म्हणून हुकमावर सही स्वतःच्या नावाची नसे, श्रीशंकराच्या नावाची असे. यातच त्यांच्या श्रद्धेचं मर्म आहे. मालक दुसरा आहे म्हटल्यावर गमावण्याची भीती कमी होते, मात्र हिशेब चोख द्यावा लागतो. म्हणून रयतेच्या तक्रारी त्या स्वतः ऐकत. काशी विश्वेश्वर, सोमनाथ इथली मंदिरं त्यांनी उभारली, आणि या धर्मकार्याचा खर्च खासगीतून केला. महेश्वरला विणकर आणून वसवले. त्या साड्या आजही नावाजलेल्या आहेत.

देवावर भरवसा ठेवला म्हणून दुःख टळलं का? नाही. उतारवयात नातू गेला. पाठोपाठ 1791 मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले. मुलगी मुक्ताबाई सती जायला निघाली. आईनं परोपरीनं विनवलं, पण ती थांबली नाही. ज्या वाटेवरून सासऱ्यांनी आपल्याला परत आणलं, त्याच वाटेवरून पोटच्या लेकीला परत आणता आलं नाही, याचं दुःख किती असेल!

त्यानंतरही त्यांनी कारभार सोडला नाही. 13 ऑगस्ट 1795 ला महेश्वरमध्ये त्यांनी देह ठेवला.

आपल्याकडंही घरातला कर्ता माणूस गेला की उद्याचं कसं, या भीतीनं माणूस खचतो. तेव्हा चौंडीच्या या लेकीची आठवण ठेवावी. भीती त्यांनाही वाटली असणार, पण देवाला हात जोडून झाले की त्याच हातांनी त्या कामाला लागत.