ध्वनिक्षेपकापुढचा माणूस

नभोवाणीवरून बोलणाऱ्याला आपला श्रोता कधी दिसत नाही. सभेतल्या वक्त्याला टाळ्या ऐकू येतात, शिक्षकाला वर्गातल्या जांभया दिसतात, नटाला अंधारातूनही प्रेक्षागृहाची चाहूल लागते. ध्वनिक्षेपकापुढे बसलेल्या माणसाच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. त्याच्यासमोर चार भिंती, एक घड्याळ आणि एक लाल दिवा असतो. तरीही त्या भिंतींपलीकडच्या अनोळखी घराशी जो घरच्या माणसासारखा बोलू शकतो, तोच या माध्यमात टिकतो. महाराष्ट्रात हे ज्यांना उपजत साधले, त्यांत पु. ल. देशपांडे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

विनोदकार, नाटककार, एकपात्री प्रयोगांचे बादशहा म्हणून महाराष्ट्र पु. लं.ची आठवण सदैव काढीत असतो. त्यांच्या सरकारी नोकरीची आठवण मात्र सहसा निघत नाही, आणि निघालीच तर किश्श्यांपुरती. १९५५ पासूनची पाचसहा वर्षे, एवढाच तो कालखंड. परंतु सरकारच्या मालकीच्या माध्यमातून बोलणाऱ्याने आवाज कोणाचा व्हावे, सरकारचा की श्रोत्याचा, हा प्रश्न त्या पाचसहा वर्षांत उभा राहिला होता, आणि त्याचे उत्तर पुढील चाळीस वर्षांच्या त्यांच्या वागण्यात वाचावयास मिळते. म्हणून त्या नोकरीकडे थोडे गंभीरपणे पाहिले पाहिजे.

पु. ल. मूळचे मुंबईचे आणि मनाने उपनगरातले. ८ नोव्हेंबर १९१९ रोजी त्यांचा जन्म झाला. बालपण जोगेश्वरीत आणि नंतर पार्ल्यात गेले. शिक्षण पार्ले टिळक विद्यालयात आणि इस्माईल युसुफ महाविद्यालयात झाले. वडील अकाली गेल्यामुळे घराचा भार लवकर अंगावर आला. गाण्याच्या शिकवण्या, काही काळ कारकुनी, मुंबईच्या ओरिएंट हायस्कुलात शिक्षकी, पुढे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात आणि मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात प्राध्यापकी, अशी त्यांची वाटचाल झाली. चित्रपटाच्या धंद्यातही त्यांनी नशीब आजमावले. १९५३ सालच्या ‘गुळाचा गणपती’चे दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिका त्यांचीच होती. मस्टरवर सही करणारा कारकून आणि खडूच्या धुळीने हात माखलेला मास्तर ही माणसे पुढे त्यांच्या लेखनात इतक्या जिव्हाळ्याने आली, कारण त्या खुर्च्यांवर ते स्वतः बसले होते.

विद्यार्थिदशेतच नभोवाणीवरील श्रुतिकांतून त्यांनी कामे केली होती. तथापि या माध्यमात ते खऱ्या अर्थाने शिरले ते १९५५ साली, पुणे केंद्रावर नोकरीस लागले तेव्हा. मुंबईचे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले होते. पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेले, म्हणजे अगदीच बाल्यावस्थेत होते. माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर हे मोठे वादग्रस्त गृहस्थ. सिनेसंगीताला त्यांनी आकाशवाणीची दारे जवळजवळ बंद केली आणि त्यामुळे लक्षावधी श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. परंतु साहित्यिक आणि कलावंत यांना केंद्रांवर मानाने आणून बसविण्याचे धोरणही त्यांच्याच काळातले. व्यंकटेश माडगूळकर, बा. भ. बोरकर, पुढे मंगेश पाडगावकर अशी माणसे आकाशवाणीत आली ती त्या वातावरणात. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ प्रसारित झाले आणि सरकारी खात्याचा कार्यक्रम हा घराघरातला सोहळा होऊ शकतो, हे सिद्ध झाले. अशा भरल्या घरात पु. ल. आले.

त्या घराला नियमांचे कुंपण होतेच. त्यातला एक नियम तर जणू पु. लं.साठीच घडवला असावा. हार्मोनियम हा त्यांचा जीव की प्राण. पण भारतीय संगीतातील मींड आणि श्रुती या पेटीला काढता येत नाहीत, या कारणासाठी १९४० मध्ये आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी घालण्यात आली होती. लायोनेल फील्डेन या ब्रिटिश नियंत्रकाच्या कारकीर्दीतला हा निर्णय. रवींद्रनाथ ठाकुरांचे मतही पेटीच्या विरुद्धच होते. ब्रिटिश गेले, बंदी राहिली. १९७० नंतर कोठे ती सैल होऊ लागली. म्हणजे ज्या संस्थेत पु. ल. नोकरी करीत होते, तेथे त्यांच्या आवडत्या वाद्याला प्रवेश नव्हता. ते रुसून बसले नाहीत. श्रुतिका लिहिल्या, बसविल्या, संगीतिकांना चाली दिल्या. पाडगावकरांच्या ‘बिल्हण’ या संगीतिकेला त्यांनीच संगीत दिले. नियमाने एक वाट बंद केली म्हणून काम थांबवावयाचे नसते, ही गोष्ट आपल्यापैकी ज्यांचे आयुष्य परिपत्रकांच्या सावलीत जाते त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्या काळी रेडिओ हे चैनीचे साधन होते आणि तो बाळगण्यास परवाना लागे. पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत. भांडुपसारख्या उपनगरात, जेथे कोकणातून आलेली माणसे पाळीवर कारखान्यात जात आणि चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत संसार थाटीत, तेथे एका घरचा रेडिओ ही साऱ्या चाळीची मालमत्ता असे. बातम्यांवर घड्याळे लागत, श्रुतिकेच्या वेळी दारात मुले दाटीवाटीने बसत. त्या श्रोत्याला व्याख्यान नको होते; दिवसभर साहेबाचे आणि मुकादमाचे ऐकून तो घरी आलेला असे. त्याच्याशी वरच्या पायरीवरून न बोलता त्याच्या शेजारी बसून बोलण्याची जी रीत पु. लं.नी बाणवली, तिचे मोल अशा घरांत अधिक होते. शुद्ध पण पुस्तकी नव्हे, हसरी पण पाचकळ नव्हे, अशी बोलीची एक पातळी त्यांनी मराठी नभोवाणीला दाखवून दिली.

पुढे त्यांची निवड बी.बी.सी.च्या प्रशिक्षणासाठी झाली आणि ते लंडनला गेले. त्या मुक्कामातून मराठीला ‘अपूर्वाई’ मिळाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या काळची बी.बी.सी. काय होती, हेही पाहिले पाहिजे. रिचर्ड डिंबलबी हे तेव्हा ब्रिटिश नभोवाणी-दूरचित्रवाणीवरील सर्वांत परिचित नाव होते. १९३६ मध्ये ते बातमीदार म्हणून बी.बी.सी.त शिरले, एप्रिल १९४५ मध्ये बेल्सनच्या छळछावणीचे वृत्त त्यांनी जगाला ऐकविले, १९५३ च्या राज्यारोहण समारंभाचे वर्णन त्यांनीच केले आणि १९५५ पासून ‘पॅनोरमा’ हा चालू घडामोडींचा कार्यक्रम ते सादर करीत. आणि १९५६ मध्ये, सुएझचे युद्ध चालू असताना, पंतप्रधान ईडन यांची नाराजी पत्करून बी.बी.सी.ने विरोधी पक्षनेते गेट्स्केल यांना उत्तराचे भाषण करू दिले होते. तेथील श्रोताही आपल्यासारखाच परवान्याचे पैसे भरत असे. फरक इतकाच की, त्या पैशावर चालणारी संस्था सनदेने स्वतंत्र होती. आपल्याकडे ते सरकारचे एक खाते होते.

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत भारतीय दूरचित्रवाणीचा प्रारंभ झाला. युनेस्कोचे साहाय्य, लहानसे प्रक्षेपक, आठवड्यातून दोनच दिवस कार्यक्रम, असा तो प्रायोगिक मामला. या नव्या माध्यमाच्या पहिल्या निर्मात्यांत पु. ल. होते. दूरचित्रवाणीसाठी पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेण्याचा मानही त्यांच्याच नावावर नोंदलेला आहे. जोगेश्वरी-पार्ल्याचा हा मुलगा देशाच्या पंतप्रधानासमोर कॅमेऱ्यात बसला, तेव्हा मुंबईत दूरचित्रवाणी यावयास अजून तेरा वर्षे अवकाश होता. २ ऑक्टोबर १९७२ रोजी ती आली तेव्हा पु. ल. कधीच बाहेर पडलेले होते.

१९६१ च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली. ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर आली आणि महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. पुढे मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राचे मानद संचालक म्हणून त्यांनी काम केले. सुनीताबाईंसमवेत बोरकर, मर्ढेकर यांच्या कवितांचे जाहीर वाचन केले. मिळालेल्या पैशाचा मोठा भाग विश्वस्त निधीच्या द्वारा सार्वजनिक कामांना दिला. नभोवाणीने शिकविलेली आवाजाची शिस्त या साऱ्यात होती. कागद हातात असूनही वाचल्यासारखे न वाटू देणे, शांततेला तिची जागा देणे, समोरच्या हजारांशी एकेकट्याने बोलणे, हे धडे त्यांनी ध्वनिक्षेपकापुढे गिरविले होते.

आणि मग जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. वृत्तपत्रांवर नियंत्रणे आली, आणि नभोवाणी व दूरचित्रवाणी तर सरकारच्या हातीच होती. सत्ताधाऱ्यांची स्तुतिस्तोत्रे सकाळ-संध्याकाळ ऐकू येऊ लागली. सरकारच्या अटी न मानणाऱ्या किशोरकुमारची गाणी वाजविणे बंद झाले. फेब्रुवारी १९७७ मध्ये दिल्लीत विरोधकांच्या विराट सभेच्या दिवशी लोकांनी घरी बसावे म्हणून दूरचित्रवाणीवर ‘बॉबी’ चित्रपट लावला गेला. ज्या माध्यमांच्या उभारणीत आपण हात लावला, त्यांचा असा उपयोग पाहून पु. लं.ना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. त्यांनी जयप्रकाशांची कारावासातील दैनंदिनी मराठीत आणली, आणि १९७७ च्या निवडणुकीत ते गावोगावच्या मैदानांवर जाऊन बोलले. आकाशवाणीवरून जे सांगता येत नव्हते, ते एका जुन्या आकाशवाणीच्या माणसाने साध्या कर्ण्यावरून सांगितले. निवडणूक संपली, जनता पक्ष सत्तेवर आला, आणि पु. ल. कोणतेही पद न घेता आपल्या लेखनाकडे परतले.

हा स्वभाव अखेरपर्यंत पालटला नाही. १९९६ मध्ये शासनाने त्यांना पहिला महाराष्ट्रभूषण पुरस्कार दिला. तो स्वीकारतानाही राज्यकर्त्यांच्या तोंडी येणाऱ्या ठोकशाहीच्या भाषेविषयी त्यांनी खेद व्यक्त केला आणि त्यासाठी जहरी टीका सोसली. शरीर थकलेले होते, पण बोलण्याचा रोख बदलला नव्हता. १२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

यावर कोणी म्हणेल की, पु. लं.ना हे परवडले. लोकप्रियता पाठीशी होती, उपजीविकेची चिंता नव्हती. ज्याच्या घरी पाच तोंडे पगाराकडे डोळे लावून बसलेली आहेत, त्या निवेदकाने वा वृत्तनिवेदिकेने समोर आलेला कागद वाचण्यावाचून काय करावे? आक्षेप रास्त आहे. आणीबाणीत आकाशवाणीत राहिलेल्या प्रत्येकाला भेकड म्हणणे हा अन्यायच होईल. तसे पाहता राजीनामा हा पु. लं.च्या चरित्राचा मुख्य धडा नव्हेच. त्यांनी नोकरी सोडली ती कोणत्याही हुकुमाच्या निषेधार्थ नव्हे. मुख्य धडा आहे तो नोकरीत असतानाचा. पगार सरकार देते, पण ऐकणारा कोण आहे, याचा विसर त्यांनी स्वतःला पडू दिला नाही. शाळामास्तराला पगार संस्था देते, पण तो उत्तरदायी असतो वर्गातल्या मुलांना. कारकुनाला पगार खाते देते, पण खिडकीपलीकडे उभा असलेला माणूस हेच त्याच्या कामाचे प्रयोजन असते.

माध्यमांना स्वायत्तता देण्याची शिफारस वर्गीज समितीने १९७८ मध्ये केली. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला आणि अमलात यावयास १९९७ साल उजाडले. कायदा झाला, तरी खुर्चीवरच्या माणसाचा कणा कायद्याने तयार होत नाही. रेडिओचा परवाना काढण्याचे दिवस सरले. आज शेकडो वाहिन्या आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात ध्वनिक्षेपक आहे. बोलणारे अगणित झाले. आपण कोणाशी बोलत आहोत, याची जाण ठेवून बोलणारे मात्र शोधावे लागतात. चाळीतल्या त्या खोलीत दाटीवाटीने बसलेल्या श्रोत्याला न पाहताही ओळखणारा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. त्याचे विनोद आपण पाठ केले आहेतच; त्याचे हे इमानही पाठ व्हावयास हवे.