घाटातला पगाराचा दिवस

सिंहगडने किंवा डेक्कन क्वीनने मुंबईला जाताना खंडाळा सुटलं की तुम्ही मोबाइल बाजूला ठेवता. बोगदा, दरी, पुन्हा बोगदा. या बोरघाटाचं काम पुरं झालं तेव्हा त्याचं कंत्राट एका बाईच्या नावावर होतं. ॲलिस ट्रेडवेल तिचं नाव. रेल्वेच्या इतिहासात ते मानाने घेतलं जातं, पण लोणावळ्यात दहा जणांना विचारून बघा, एखाद्यालाच ठाऊक असेल.

तुमच्यापैकी कुणी वडगावला फॅब्रिकेशनचं दुकान टाकलंय, कुणी कामशेतला वायरिंगची कामं घेतं, कुणी लोणावळ्यातल्या बंगल्यांचं प्लंबिंग बघतं. तुमच्या कामात आणि तिच्या कामात आकड्यांचा फरक प्रचंड आहे, पण दुखणं एकच. काम झालंय, बिल दिलंय, पैसे आलेले नाहीत आणि उद्या शनिवार आहे. पोरं पगार मागणार.

ॲलिसच्या आधी हे काम विल्यम फेव्हिएल नावाच्या कंत्राटदाराकडे होतं. १८५६ मध्ये त्याने सुरुवात केली. तेव्हा मुंबईहून आलेला प्रवासी खोपोलीला उतरायचा आणि पालखीने नाहीतर तट्टावर बसून घाट चढायचा. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रूळ सुरू झाले, म्हणजे अडलं होतं ते मधल्या घाटातच. चढण साधारण सोळा मैलांची, उंची अठराशे फुटांहून जास्त, बोगदे पंचवीस.

पैसा कसा फिरायचा ते बघा. झालेल्या कामाचं मोजमाप व्हायचं, त्यावर रेल्वे कंपनी कंत्राटदाराला पैसे द्यायची. तो उपकंत्राटदाराला द्यायचा, उपकंत्राटदार मुकादमाला, आणि मुकादमाच्या हातून उरलंसुरलं मजुराला. या साखळीत एक कडी अडली तरी शेवटचा माणूस उपाशी. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल उसळली. चौकशी झाली. त्याच वर्षी फेव्हिएलने काम सोडलं. पुढच्या वर्षी अशा तंट्यांसाठी सरकारने कायदा केला. त्यात मजुरीचे वाद मॅजिस्ट्रेटने झटपट मिटवावेत अशी सोय होती, पण करार मोडून निघून जाणाऱ्या मजुराला शिक्षाही त्याच कायद्यात होती! मजुरी कुणाची थकली होती आणि शिक्षा कुणाला, हे तुमचं तुम्हीच बघा.

अशा विस्कटलेल्या कामावर सॉलोमन ट्रेडवेल आला. घरचाच धंदा कंत्राटदारीचा, अनुभव दांडगा. पण १८५९ संपायच्या आत, इथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने तो गेला. मागे राहिली बायको आणि नुकतं सही झालेलं कंत्राट.

इथे एक गंमत आहे, कडू गंमत. इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे. विधवेला मात्र येई. म्हणजे नवरा गेला आणि त्याच दिवशी ॲलिसला सही करायचा हक्क मिळाला. काम सोडून परत जाणं सगळ्यात सोपं होतं, कुणी नाव ठेवलं नसतं. तिने कंत्राट चालू ठेवलं.

बोगदा कसा खणतात, कमान कशी बांधतात हे आपल्याला येतं असा आव तिने आणला नाही. स्वेनसन ॲडमसन आणि जॉर्ज क्लाउझर हे दोन अनुभवी इंजिनियर तिने नेमले आणि साइट त्यांच्या हाती दिली. कंत्राट आणि त्याची जोखीम मात्र तिच्या नावावर राहिली. आपल्याकडे बरेचदा उलटं होतं. कारागीर उत्तम असतो, वेल्डिंग बघत राहावं असं करतो, म्हणून हिशेबही तोच बघतो, रात्री अकराला, डायरीच्या मागच्या पानावर. मग घरचा किराणा आणि दुकानाचं लोखंड एकाच खिशातून जातं. त्यापेक्षा महिन्यातून दोन दिवस हिशेबनीस लावलेला परवडतो, असं माझं मत.

घाटाच्या हिशेबात आणखी एक गाठ होती, पाऊस. मावळातला पाऊस मी तुम्हाला सांगायला नको. चार महिने काम जवळपास ठप्प व्हायचं, मजूर शेतीला गावी जायचे. काम नाही म्हणजे मोजमाप नाही, मोजमाप नाही म्हणजे बिल नाही. पण साहेबांचे पगार चालू, अवजारं गंजतायत, आणि दिवाळीनंतर पुन्हा हजारो माणसं उभी करायची तर हातात रोकड हवी. पावसाळ्याचा खर्च उन्हाळ्यातच बाजूला काढावा लागतो. बाहेरची रंगरंगोटी किंवा छपरांची कामं घेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, तरी जूनमध्ये उसनवारी करणारे दरवर्षी दिसतातच.

१८६१ मध्ये घाटात बेचाळीस हजारांहून जास्त माणसं राबत होती. इतक्या तोंडांची मजुरी! आणि कॉलरा. संपूर्ण कामात सुमारे पंचवीस हजार माणसं मेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मैलामागे अडुसष्ट हजार पौंडांवर खर्च झाला, असं कागदोपत्री येतं. त्या आकड्यात ही माणसं कुठेच नाहीत. ॲलिसचं कौतुक करताना मला हे गिळता येत नाही, तुम्हीही गिळू नका.

२१ एप्रिल १८६३ ला घाट खुला झाला. गव्हर्नर बार्टल फ्रिअर स्वतः हजर होते. नवऱ्यामागे हाती आलेलं काम ॲलिसने पुरं करून दिलं आणि पुढे ती इंग्लंडला परतली.

१८६७ च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. तो पुन्हा बांधावा लागला. त्या काळच्या रेल्वेकामातल्या कच्च्या दगडकामाबद्दल तेव्हा बरीच ओरड झाली. बिल पास झालं म्हणजे काम संपलं असं नसतं, हे आपल्या गॅरंटीवाल्या कामांत आपण सगळे शिकलोय.

काम चालू असताना ॲलिसने घाटाचे फोटोही काढले. कॅमेरा म्हणजे तेव्हा लाकडी पेटी, काचा आणि रसायनं, हे सगळं कड्यावर चढवून न्यायचं. अर्धवट बांधलेले पूल, उघडे कडे. पुढच्या वेळी मंकी हिलजवळ गाडी रेंगाळली तर खिडकीतून तेच कडे बघा.