जॉन चार्ल्स राइल

जॉन चार्ल्स राइल (१० मे १८१६ – १० जून १९००) हे चर्च ऑफ इंग्लंडमधील धर्मोपदेशक, लेखक आणि लिव्हरपूल धर्मप्रांताचे पहिले बिशप होते. पवित्र शास्त्राचा सर्वोच्च अधिकार, ख्रिस्तावरील विश्वासाने मिळणारे तारण आणि व्यक्तीचे अंतःकरणपरिवर्तन यांवर भर देणाऱ्या इव्हँजेलिकल प्रवाहाचे ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील प्रमुख प्रवक्ते मानले जातात. शुभवर्तमानांवरील त्यांचे सात खंडांचे विवेचन आणि ‘होलिनेस’ हा ग्रंथ आजही वाचला जातो.

प्रारंभिक जीवन

राइल यांचा जन्म इंग्लंडमधील चेशायर परगण्यातील मॅकल्सफील्ड येथे एका श्रीमंत कुटुंबात झाला. त्यांचे वडील, जॉन राइल, हे बँकमालक होते व १८३२ ते १८३७ या काळात मॅकल्सफील्डचे संसद सदस्य होते. ईटन येथील शालेय शिक्षणानंतर राइल यांनी ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात प्रवेश घेतला. अभिजात भाषांच्या अभ्यासात त्यांनी प्रथम श्रेणी मिळवली. ते उत्तम क्रिकेटपटू होते आणि १८३६ साली केंब्रिजविरुद्धच्या सामन्यात ऑक्सफर्डकडून खेळले.

१८३७ मध्ये, पदवी परीक्षेच्या सुमारास, ते आजारी पडले आणि बायबल वाचू लागले. त्यानंतर एका उपासनेत इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचे वाचन ऐकताना विश्वासाने होणाऱ्या तारणाचा अर्थ आपल्याला उमगला, असे ते पुढे सांगत. तरीही पाळक होण्याचा त्यांचा विचार नव्हता. वडिलांची बँक व मालमत्ता सांभाळून संसदेत जावे, अशीच त्यांची वाटचाल आखलेली होती.

बँकेचे दिवाळे व पाळकपद

जून १८४१ मध्ये वडिलांच्या बँकेचे दिवाळे निघाले आणि कुटुंबाची जवळपास सर्व संपत्ती गेली. हेनबरी येथील घर व जमीन सोडावी लागली. उपजीविकेचे अन्य साधन नसलेल्या राइल यांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये विंचेस्टरचे बिशप चार्ल्स समनर यांच्याकडून दीक्षा घेतली. ज्या पेशाने त्यांना पुढे कीर्ती मिळाली, तो त्यांनी प्रथम निरुपायाने पत्करला होता आणि हे त्यांनी कधी लपवले नाही. दिवाळ्याचा सल त्यांच्या मनात आयुष्यभर राहिला.

न्यू फॉरेस्टमधील एक्सबरी येथे ते सहायक पाळक झाले. प्रकृती ढासळल्याने १८४३ मध्ये त्यांनी ते पद सोडले. त्यानंतर काही महिने त्यांनी विंचेस्टर येथे सेवा केली. १८४४ मध्ये सफोक परगण्यातील हेल्मिंगहॅम या लहान गावाचे ते पाळक झाले. तेथे सतरा वर्षे काढल्यावर १८६१ मध्ये ते जवळच्याच स्ट्रॅडब्रोक येथे गेले.

या काळात त्यांच्यावर कौटुंबिक आघातही झाले. पहिली पत्नी मॅटिल्डा विवाहानंतर थोड्याच वर्षांत वारली. दुसरी पत्नी जेसी दीर्घ आजारानंतर १८६० मध्ये निवर्तली, तेव्हा पाच मुलांचा सांभाळ त्यांच्यावर आला. १८६१ मध्ये त्यांनी हेन्रिएटा क्लॉव्स यांच्याशी विवाह केला.

लेखन

ऑक्सफर्डमध्ये घडलेली अलंकारिक शैली शेतमजुरांना कळत नाही, हे राइल यांच्या लवकरच ध्यानात आले. त्यांनी ती जाणीवपूर्वक टाकून लहान वाक्ये, घरगुती शब्द आणि थेट प्रश्न यांचा अवलंब केला. प्रवचनातील साधेपणावर त्यांनी स्वतंत्र व्याख्यानही दिले. मे १८४५ मध्ये ग्रेट यार्मथ येथे नदीतील विदूषकाचा खेळ पाहण्यासाठी झुलत्या पुलावर गर्दी झाली आणि पूल कोसळून अनेक मुलांसह सुमारे ऐंशी माणसे दगावली. या दुर्घटनेनिमित्त लिहिलेली पुस्तिका त्यांच्या आरंभीच्या पुस्तिकांपैकी होय. पुढे त्यांच्या पुस्तिकांच्या लाखो प्रती खपल्या व त्यांचे अनेक भाषांत अनुवाद झाले.

‘एक्स्पोझिटरी थॉट्स ऑन द गॉस्पेल्स’ हे चारही शुभवर्तमानांवरील विवेचन १८५६ ते १८७३ या काळात प्रसिद्ध झाले. ते कुटुंबातील सामूहिक वाचनासाठी लिहिलेले असल्याने प्रत्येक भाग थोडक्यात मांडला आहे. ‘द ख्रिश्चन लीडर्स ऑफ द लास्ट सेंच्युरी’ (१८६९) या ग्रंथात व्हाइटफील्ड, वेस्ली इत्यादी अठराव्या शतकातील धर्मोपदेशकांची चरित्रे आहेत.

१८७० च्या दशकात, विश्वासाने संपूर्ण समर्पण करताच पवित्र जीवन सहज लाभते, अशी शिकवण इंग्लंडमध्ये लोकप्रिय होत होती. ‘होलिनेस’ (१८७७, विस्तारित आवृत्ती १८७९) मध्ये राइल यांनी तिचा प्रतिवाद केला. तारण केवळ विश्वासाने मिळते. परंतु पवित्रतेसाठी आयुष्यभर झुंज द्यावी लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

लिव्हरपूलचे बिशप

१८८० मध्ये निवडणुकीत पराभूत झालेल्या पंतप्रधान डिझरायली यांनी पद सोडण्यापूर्वी नव्या लिव्हरपूल धर्मप्रांतासाठी राइल यांची शिफारस केली. ११ जून १८८० रोजी यॉर्क येथे त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते. बंदराच्या या दाट वस्तीच्या शहरात भव्य कॅथेड्रलपेक्षा पाळक, उपासनागृहे व सेवामंदिरे अधिक निकडीची आहेत, अशी त्यांची भूमिका होती. पाळकांसाठी त्यांनी निवृत्तिवेतन निधी उभारला. कॅथेड्रलची योजना त्यांच्या कारकिर्दीत मागे पडली. सध्याच्या इमारतीची पायाभरणी १९०४ मध्ये झाली.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त प्रकरण जेम्स बेल कॉक्स यांचे होय. सेंट मार्गरेट चर्चच्या या पाळकांविरुद्ध निषिद्ध कर्मकांडाबद्दल एका रहिवाशाने खटला भरला. असा खटला थांबवण्याचा अधिकार बिशपला होता आणि अन्य काही बिशप तो वापरत. परंतु कोणाचीही न्यायालयाची वाट अडवू नये, या मताने राइल यांनी तो वापरला नाही. न्यायालयाचा आदेश न मानल्याने १८८७ मध्ये कॉक्स यांना दोन आठवड्यांहून अधिक काळ तुरुंगात राहावे लागले. या घटनेमुळे राइल यांच्यावर कठोर टीका झाली आणि कर्मकांडाचा प्रसारही थांबला नाही.

अखेर व वारसा

मार्च १९०० मध्ये राइल यांनी निवृत्ती घेतली आणि १० जून रोजी लोस्टॉफ्ट येथे त्यांचे निधन झाले. चाइल्डवॉल येथील चर्चच्या आवारात, पत्नी हेन्रिएटा यांच्याशेजारी त्यांचे दफन झाले. त्यांचे पुत्र हर्बर्ट एडवर्ड राइल पुढे एक्सेटर व विंचेस्टरचे बिशप आणि नंतर वेस्टमिन्स्टरचे डीन झाले. जुन्या कराराच्या ऐतिहासिक चिकित्सेला वडिलांचा विरोध होता, तर हर्बर्ट यांनी ती स्वीकारली होती. मृत्यूनंतर काही दशके राइल यांचे लेखन मागे पडले. मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापासून त्याचे पुनर्मुद्रण होऊ लागले आणि चर्च ऑफ इंग्लंडबाहेरही त्यांना नवा वाचकवर्ग मिळाला.