यंत्रविशारद बेंटली

वॉल्टर ओवेन बेंटली ह्यांचा जन्म १८८८ साली लंडन येथे झाला. आगगाडीच्या इंजिनांचे त्यांना बालपणापासून वेड होते. त्यामुळे सोळाव्या वर्षीच ते डॉन्कास्टरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी करू लागले.

पुढे ते आपल्या भावासह फ्रेंच मोटारी विकू लागले. १९१३ साली फ्रान्समधील एका मोटार कारखान्यात कागदांवर ठेवण्याचे एक छोटे वजन त्यांच्या दृष्टीस पडले. ते अ‍ॅल्युमिनियमचे होते. सिलिंडरमध्ये वरखाली धावणारे दट्टे तेव्हा बहुधा लोखंडाचे व जड असत. ते ह्या हलक्या धातूचे केले तर? बेंटलींनी अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडे तांबे मिसळून तसे दट्टे करविले. इंजिन अधिक वेगाने फिरू लागले. पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांतही असे दट्टे बसविण्यात आले.

१९१९ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली. १९२६ मध्ये एका ओळीत सहा सिलिंडर असलेले साडेसहा लीटरचे इंजिन त्यांनी बाजारात आणले. १९२८ मध्ये त्याला एकाऐवजी दोन कार्बुरेटर बसविले आणि सिलिंडरमधील दाब वाढविला. त्यामुळे इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण अधिक मोकळेपणाने जाऊ लागले आणि शक्ती १८० अश्वशक्तीपर्यंत पोहोचली. ह्या मोटारीचे नाव ‘स्पीड सिक्स’.

त्याच सुमारास कंपनीचे नामांकित चालक बर्किन ह्यांनी निराळा मार्ग सुचविला. लहान, चार सिलिंडरांच्या इंजिनात यंत्राने, भात्याप्रमाणे, हवा कोंबावी, असे त्यांचे मत होते. बेंटलींना ते पटले नाही. लहान इंजिनावर बळजबरी करण्यापेक्षा मोठे इंजिन घडवावे, असे त्यांना वाटे. परंतु कंपनीची सूत्रे आता दुसऱ्यांच्या हाती होती. बेंटलींचा विरोध व्यर्थ गेला.

१९३० साली फ्रान्समधील ल मान्स येथे चोवीस तासांची शर्यत झाली. बर्किन ह्यांच्या दोन्ही मोटारी नादुरुस्त होऊन वाटेतच थांबल्या. दोन ‘स्पीड सिक्स’ मोटारी मात्र रात्रभर अखंड धावून पहिल्या व दुसऱ्या आल्या.

विजय मिळाला, पण कंपनी कर्जात बुडाली. १९३१ साली ती रोल्स-रॉइसने विकत घेतली. कारखान्याबरोबर बेंटली हे नावही परक्याचे झाले! तरीही ते खचले नाहीत. पुढे लॅगोंडा कंपनीत त्यांच्या देखरेखीखाली सहा सिलिंडरांचे आणखी एक उत्तम इंजिन तयार झाले. १९७१ साली त्यांचे निधन झाले.

नाव गेले, धन गेले. हातांतील विद्या मात्र अखेरपर्यंत त्यांचीच राहिली.