चार्जरवरच्या ‘व्होल्ट’मागचा माणूस : अलेस्सांद्रो व्होल्टा

चार पेन्सिल सेल, ते बसवायचा प्लॅस्टिकचा होल्डर, एक छोटं सर्किट आणि यूएसबी पोर्ट. एवढ्या सामानात घरच्या घरी चार्जर बनतो, हे तुम्ही कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं असेलच. एक सेल दीड व्होल्टचा. चार सेल एकापुढे एक लावले की ६ व्होल्ट होतात आणि सर्किट त्यातून यूएसबीला लागणारे ५ व्होल्ट काढून देतं. शाळेच्या पुस्तकातली ही एकसर जोडणी. हिच्या जोरावर जगातली पहिली बॅटरी ज्याने बनवली, त्याचंच नाव आपण ‘व्होल्ट’ म्हणताना घेतो.

अलेस्सांद्रो व्होल्टाचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ चा, उत्तर इटलीतल्या कोमो गावचा. १७७६ मध्ये त्याने माज्जोरे तलावाकाठच्या दलदलीत चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले. तो वायू पेटत होता. तो मिथेन, म्हणजे आपल्या गोबरगॅसमध्ये असतो तोच! १७७९ मध्ये व्होल्टा पाविया विद्यापीठात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला.

खरी गंमत पुढे आहे. बोलोन्याचा शरीरशास्त्रज्ञ लुइजी गॅल्व्हानी याला दिसलं, की मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातू जोडून लावले की पाय झटका देतो. प्राण्यांच्या अंगातच वीज असते, असं त्याने १७९१ मध्ये मांडलं. व्होल्टाला आधी हे पटलं. मग त्याने प्रयोग स्वतः करून पाहिले आणि त्याला शंका आली. वीज बेडकातून येते की दोन वेगळ्या धातूंमुळे? त्याने कथील आणि चांदी स्वतःच्या जिभेला लावून एकमेकांना टेकवली. जीभ आंबट झाली. (९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला जीभ लावणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. ती साधारण हाच प्रयोग करतात.) म्हणजे बेडूक नुसता वीज ओळखणारा मीटर होता, असं व्होल्टाचं म्हणणं पडलं.

वाद वर्षानुवर्षं चालला. गॅल्व्हानीच्या बाजूने तर धातू न वापरताही पाय हलवून दाखवला गेला. पण तेवढ्यात राजकारण आडवं आलं. फ्रेंचांनी उत्तर इटलीत नवं राज्य उभं केलं आणि प्राध्यापकांना निष्ठेची शपथ घ्यायला लावली. गॅल्व्हानीने नकार दिला, नोकरी गेली आणि डिसेंबर १७९८ मध्ये तो वारला. उत्तर तयार झालं तेव्हा ते ऐकायला समोर कोणीच नव्हतं.

ते उत्तर म्हणजे बॅटरी. चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची, वर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. पुन्हा चांदी, जस्त, पुठ्ठा. अशी चळत रचायची. एका जोडीतून मिळतो जेमतेम एखादा व्होल्ट, पण चळत वाढवली की झटका बसतो. चार पेन्सिल सेल लावताना आपण दुसरं काय करतो? २० मार्च १८०० रोजी व्होल्टाने कोमोहून लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना हे पत्राने कळवलं. पत्र छापून येण्याआधीच लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी तशीच चळत बनवून पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले.

१८०१ मध्ये व्होल्टाने पॅरिसला नेपोलियनसमोर प्रयोग करून दाखवले. पुढे नेपोलियनने त्याला काउंट केलं. ऑस्ट्रियाची सत्ता परत आली तरी त्याचा मान टिकला. सत्ता कोणाचीही असो, या माणसाचं जमायचं. गॅल्व्हानीला ते जमलं नाही, किंवा जमवायचं नव्हतं.

पण एका गोष्टीत व्होल्टा सपशेल चुकला. दोन धातू टेकले की वीज वाहते आणि वाहतच राहते, असं त्याला वाटायचं. तसं नसतं. चळतीतलं जस्त रासायनिक क्रियेत खर्च होतं आणि वीज त्यातून येते. तुमच्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्येही जस्तच खर्च होतं. म्हणून घरगुती चार्जरकडून फार अपेक्षा नको. ५००० एमएएचचा फोन चार पेन्सिल सेलमध्ये पूर्ण भरत नाही, आणि चार्जिंग चालू असताना सेलचा व्होल्टेज उतरतच जातो. चार सेलचा मिळून ५ च्या खाली गेला की साधं रेग्युलेटर हात टेकतं. त्यापेक्षा व्होल्टेज वाढवून देणारं बूस्ट सर्किट बरं, त्याला दोन सेलही पुरतात. मात्र सर्किटशिवाय ६ व्होल्ट थेट फोनला देऊ नका.

व्होल्टा १८१९ मध्ये निवृत्त झाला आणि ५ मार्च १८२७ रोजी कोमोजवळच्या काम्नागो गावात वारला. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने विद्युत दाबाच्या एककाला ‘व्होल्ट’ हे नाव दिलं. १८९९ मध्ये बॅटरीच्या शंभरीनिमित्त कोमोत मोठं प्रदर्शन भरलं. त्याला आग लागली आणि व्होल्टाची बरीचशी मूळ उपकरणं जळून गेली.

आणि गॅल्व्हानी? शरीरात वीज असते हे त्याचं म्हणणं खरंच निघालं, ईसीजीच्या पट्टीवर हृदयाची तीच वीज उमटते. त्याचं नाव मात्र आपण घेतो ते पत्र्याच्या दुकानात. जस्ताचा थर दिलेला तो ‘गॅल्व्हनाइज्ड’ पत्रा. तिथेही लोखंडाच्या आधी जस्तच झिजतं.